सेवेचे सीमोल्लंघन

नवरात्राचे घट हलले, नऊ दिवस अखंड तेवलेला नंदादीप शांतवला आणि विजयादशमीचा मंगल दिवस उजाडला. आज घरोघरी पोथ्यांची, शस्त्रांची, हत्यारांची पूजा होईल. सोलापूरचा विणकर आपल्या मागाला झेंडूची माळ घालील. उन्हे कलली की आबालवृद्ध वेशीबाहेर पडतील, शमीपुढे हात जोडतील आणि आपट्याचे सोने घेऊन घरी परततील. दारात उभी असलेली गृहलक्ष्मी त्यांना ओवाळील. या साऱ्यास आपण सीमोल्लंघन म्हणतो. फार तर अर्ध्या कोसाचे हे जाणे, आणि दिवेलागणीच्या आत परत येणे!

वाचकहो, वेस ओलांडणे हे एका पावलाचे काम आहे. त्या पावलानंतर परक्या मुलखात रात्र काढायची, सकाळी तेथेच उठायचे, तेथले पाणी प्यायचे, तेथले अन्न गोड मानून घ्यायचे आणि तेथल्या माणसांच्या बोलीत त्यांचे दुखणेखुपणे विचारायचे. असे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे करायचे. हे ज्यांना साधले त्यांचे सीमोल्लंघन पुरे झाले, असे आम्ही मानतो. आजच्या सणाच्या निमित्ताने अशाच एका सीमोल्लंघनाची कथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तिचा नायक आपल्या सोलापूरचा. १० ऑक्टोबर १९१० हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे बहुधा नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे येणारा. आमचा व्यवसाय कीर्तनाचा असल्यामुळे कीर्तनाच्याच क्रमाने निघू. आधी पूर्वरंग, मग आख्यान.

पूर्वरंग : पायरीचा धनी पंजाबात

आमच्या पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरी आहे. देवदर्शनाला जाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्या मस्तकी पडावी, म्हणून संत नामदेवराय तेथे विसावले, अशी आपली श्रद्धा. परंपरेने त्यांच्या समाधीचे वर्ष १३५० सांगितले जाते. विठ्ठलाला क्षणभरही न विसंबणारा भक्त म्हणून नामदेवांची ख्याती; पण हाच भक्त ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीनंतर उत्तरेकडे निघाला आणि पंजाबात जाऊन राहिला. आयुष्याची किती तरी वर्षे त्यांनी त्या मुलखात घालविली. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांना 'बाबा नामदेव' म्हणून पूजते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा सामान्य मराठी वाचकांनाही त्या गावाचे नाव परिचित झाले.

नामदेवराय तेथे गेले तेव्हा तरुण नव्हते. चंद्रभागा दूर राहिली, वारी दूर राहिली, ज्वारीची भाकरीही दूर राहिली. तेथे त्यांनी काय केले? त्या लोकांची बोली आपलीशी केली आणि त्या बोलीत देवाचे नाव गाइले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ती मराठीत असती, तर त्या ग्रंथात आली असती काय? पंढरीचा विठ्ठल पंजाबात नेण्यासाठी नामदेवांना आधी स्वतः पंजाबी व्हावे लागले. आमच्या आजच्या निरूपणाचा सिद्धान्त तो हाच. परमुलखात सेवा करू इच्छिणाऱ्याने प्रथम त्या मुलखाचे लेकरू व्हावे. देणे मागाहून येते, आधी घ्यावे लागते.

येथे एक शंका जाणते लोक काढतील. धर्मनिबंधांच्या कलिवर्ज्य प्रकरणात द्विजांच्या समुद्रयानाचा निषेध सांगितला आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे. त्या निषेधापायी एके काळी विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली, कित्येकांच्या पंक्ती तुटल्या. परंतु निषेधामागची भीती ध्यानी घ्यावी. परदेशी गेलेल्याचा आचार सुटेल, आणि आचार सुटला की माणूस सुटेल, ही ती भीती. आचार बदलूनही माणूस सुटला नाही, उलट अधिक मोठा झाला, असे जर दिसले, तर भीतीला जागा कोठे उरते? ते दिसते की नाही, हे आख्यानातच पाहू.

आख्यान : मुंबईच्या धक्क्यावरून

सन १९३८. चीनवर जपानची स्वारी सुरू होऊन वर्ष उलटले होते. जखमींना औषध नाही, शस्त्रक्रियेला हात नाहीत, अशी स्थिती. चिनी आठव्या सेनेचे सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. राष्ट्रसभेचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. देश स्वतः पारतंत्र्यात होता. स्वतःच्या घरी काळोख असताना शेजाऱ्याच्या घरी पणती पाठविण्याचा हा प्रकार! आणि म्हणूनच तो आम्हांस वंदनीय वाटतो.

पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल. ते अलाहाबादचे, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. बंगालचे दोन तरुण, डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि दोघे आपले मराठी. एक नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीस अवघे अठ्ठाविशीत. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून पुढील शिक्षणाच्या तयारीत असलेले. चोळकर मात्र साठीकडे झुकलेले, पथकातील सर्वांत वडील.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबईहून निघाले. १७ सप्टेंबरला कॅन्टनला उतरले. तेथे सन-यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वतः स्वागतास आल्या होत्या. पुढे हँकाऊ, इचांग आणि चुंगकिंग असा प्रवास करीत, शहरामागून शहर शत्रूच्या हाती पडत असता, हे पाच जण १२ फेब्रुवारी १९३९ रोजी उत्तरेकडील येनान येथे पोहोचले.

कीर्तनात हा भाग आम्ही मोठ्या आवेशाने सांगत असू. झांज वाजे, श्रोते सावरून बसत. पण एक प्रसंग असा घडला की आमच्या आवेशाचा फुगा फुटला, आणि खरी कथा पुढेच राहून गेली आहे हे आमच्या ध्यानी आले.

आजीबाईंचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात नवरात्रातील कीर्तन होते. कोटणीसांचे आख्यान संपले, आरती झाली, श्रोते बुक्का लावून घेऊन निघाले. एक नऊवारी नेसलेल्या आजीबाई पाया पडण्यासाठी वाकल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "बुवा, समदं ब्येस सांगितलंत. पर त्यो लेकरू तिकडं जेवत काय हुतं, त्ये काय सांगितलं न्हाई."

आम्ही हसून म्हणालो, "आजी, मोठी माणसे देशासाठी अन्नपाणी विसरतात."

आजीबाई हसल्या नाहीत. "इसरत्यात व्हय! माझा ल्योक मिलिट्रीत हुता. पत्रात पयलं त्येच लिवायचा," एवढे बोलून त्या निघून गेल्या.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. संस्कृताची पोथी पस्तीस वर्षे शिकविली, हजारो कीर्तने केली, आणि एका निरक्षर माउलीने आमचे आख्यान पोकळ असल्याचे एका वाक्यात दाखवून दिले. आम्ही बोट सांगत होतो, सेनापती सांगत होतो, मरण सांगत होतो. माणूस तेथे जगला कसा, हे सांगतच नव्हतो. त्या दिवसापासून आम्ही या कथेचा नव्याने शोध घेतला.

उत्तर सापडले तेव्हा डोळ्यांत पाणी उभे राहिले. येनान व त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रांतात त्या सेनेचे मुख्य अन्न भात नव्हे, गहूही नव्हे. तेथे पिके ते एक बारीक, पिवळे भरड धान्य. त्याची पेज करीत, त्याचाच भात शिजवीत. ते धान्य म्हणजे आपले राळे! संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सोलापूर-पंढरपूरकडील घरांत राळ्याचा भात करण्याची चाल आहे. ज्या धान्याची चव सोलापूरचा मुलगा वर्षातून एकदा सणाला घेतो, तेच त्याच्या ताटात तेथे रोज आले. हळद नाही, फोडणी नाही, तुपाची धार नाही. जोडीला मिळेल ती भाजी. दुर्भिक्षाच्या त्या मुलखात निवड करणे ही चैन होती. आजीबाई पुन्हा भेटल्या नाहीत; भेटल्या असत्या तर त्यांचे पाय धरून आम्ही सांगितले असते, "आजी, लेकरू राळे खात होते."

सासरी गेलेले पाच वऱ्हाडी

मग आम्हांस पुढचे दिसू लागले. सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्या देहाला गोठविणारा हिवाळा. निवासासाठी पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहा. येनानमध्ये रुग्णालयही गुहांतच. निजण्यासाठी विटांचा ओटा, त्याच्या खालून विस्तवाची ऊब. बोलीचा एक शब्द कळत नाही. मुंबईत ज्याच्या एका शब्दावर परिचारिका धावत, तो शल्यवैद्य येथे साधे पाणी मागण्यासाठीही खुणा करतो. मोठेपणा गळून पडण्याचा हा प्रसंग किती कठीण असतो, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. माहेरी लाडात वाढलेली मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे असेच होते. चुलीची जागा वेगळी, भाजीत तिखट वेगळे, हाक मारण्याची रीत वेगळी. तेथे ती पाहुणी होऊन राहिली तर संसार होत नाही. सून होऊन राहिली तर वर्षभरात घर तिच्या हातावर चालू लागते.

या पाच जणांना सुनेप्रमाणे नवे नावही मिळाले. शांतिनिकेतनातील चीन भवनाचे संस्थापक प्राध्यापक तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' हे अक्षर जोडले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दी-हुआ'. आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात, ते सोळा-अठराव्या वर्षी नव्हे तर साठीच्या उंबरठ्यावर चोळकरांच्या वाट्याला आले! नागपूरच्या या वडीलधाऱ्या गृहस्थाने आयुष्यभर मिळविलेले नाव बाजूला ठेवून, परक्या अक्षरांतले नवे नाव अंगावर घेतले, या प्रसंगाचा विचार करताना आम्ही आमच्या वयाच्या वाचकांना विशेष थांबावयास सांगतो. तरुणाची काया लवचिक असते, जीभही लवचिक असते. साठीला मात्र गुडघे, दात, झोप आणि मत ही चारही एकाच वेळी ताठर होतात. त्या वयात विद्यार्थी होणे हे तप आहे.

चुंगकिंग येथे असताना कोटणीसांना घरून वार्ता आली की वडील निवर्तले. सहकाऱ्यांनी घरी परतण्याचा आग्रह केला. पुत्राला पित्याच्या अंत्यकर्मापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आपणां भाविकांना ठाऊक आहे. तरीही ते परतले नाहीत; ज्या कामासाठी निघालो त्या कामाचा आरंभही झालेला नाही, असा त्यांचा विचार. पूर्वी आम्ही हा प्रसंग सांगताना घाईने पुढे जात असू, कारण धर्माच्या दृष्टीने तो अवघड आहे. आता थांबतो. पितृऋण फेडावयाचे राहिले, हे खरे. पण त्यानंतर ज्यांना त्यांच्या हातांनी पुन्हा श्वास लाभला, त्यांतील कित्येक कुणाचे तरी पिते होते. हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा, हे चित्रगुप्तावर सोपवू.

परतणारेही सेवकच

१९३९ साली डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी स्वदेशी परतले. १९४० मध्ये प्रकृतीच्या कारणाने डॉ. अटल परतले. राहिले ते बसू आणि कोटणीस. लोक राहणाऱ्यांची गाणी गातात. परतणाऱ्यांचे नाव विसरतात. हे आम्हांस अन्यायाचे वाटते. आषाढीची वारी सारे करतात, पण पंढरपुरात कायमचा मुक्काम थोडेच करतात. म्हणून परतणाऱ्या वारकऱ्याची वारी उणी ठरत नाही. साठीकडे झुकलेला माणूस बाँबवर्षावातून, धुळीच्या रस्त्यांनी येनानच्या गुहेपर्यंत जातो आणि देहाने हात टेकले तेव्हा परत येतो. त्याने आपल्या शक्तीची शेवटची सीमा गाठली, एवढाच त्याचा अर्थ. सीमोल्लंघनाला परतणे हा कलंक नाही. आपला सण तर परतल्यावर ओवाळण्याचाच आहे.

काळी आई

कोटणीस मात्र पुढे गेले, शान्सी-होपेच्या डोंगरी रणक्षेत्रात. तेथे कॅनडाचे थोर शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनी सेवा करता करता १२ नोव्हेंबर १९३९ रोजी देह ठेवला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन त्यांना मरण आले. त्यांच्या नावे उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. १९४० च्या मोठ्या रणधुमाळीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करीत राहिल्याचे नमूद आहे.

तोवर भाषा जिभेवर बसली होती. ते चिनी भाषेत रुग्णांशी बोलत, चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत. शल्यशास्त्रावर त्यांनी त्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक तयार केले आणि दुसरे लिहिण्यास घेतले होते. सेना निघाली की रुग्णालय खेचरांवर लादून निघे. रुग्णाची काळजी ते अशी घेत की तेथले सैनिक आणि गावकरी त्यांना प्रेमाने एका नावाने हाक मारू लागले. त्या नावाचा अर्थ होतो, 'काळी आई'.

वाचकहो, हे नाव प्रथम वाचले तेव्हा आमच्या हातून टाळ गळून पडावेत तसे झाले. आपला शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. आणि आमच्या पंढरीत विटेवर जो उभा आहे, तोही काळाच, आणि त्यालाही आपण पुरुषदेह असूनही माउली म्हणतो! चीनच्या त्या खेडुताला विठ्ठल ठाऊक नव्हता. त्याने पाहिला तो सावळ्या वर्णाचा एक परदेशी मनुष्य, जो रात्री उठून त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करीत होता. त्यास जे सुचले ते त्याने म्हटले, आणि जे म्हटले ते नेमके आपल्या देवाचे नाव निघाले.

आता आमच्या हातून घडलेल्या एका दोषाची कबुली देतो. नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणीसांनी तेथील परिचर्या-शिक्षिका कुओ चिंग-लान यांच्याशी विवाह केला, आणि जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ही दोन्ही प्रकरणे आम्ही कीर्तनातून कित्येक वर्षे गाळीत आलो. श्रोत्यांस रुचणार नाही, असे स्वतःस समजावीत असू. खरे तर आम्हांसच रुचत नव्हते. परंतु आख्यानातून न पटणारे गाळून उरलेला नायक हा आपल्या आवडीचा बाहुला होतो. कोटणीसांनी देवाचे नाव घेतले की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि त्यांना ओढून आपल्या पंथात बसविण्याचाही नाही. त्यांनी ज्यांची सेवा केली त्यांच्याच घरचे होऊन ते राहिले. विवाह हा त्या होण्याचाच भाग होता. आता आम्ही सारे सांगतो. श्रोते उठून जात नाहीत. बायाबापड्या तर त्या चिनी सुनेविषयी अधिकच आस्थेने विचारतात.

ऑगस्ट १९४२ मध्ये, इकडे 'छोडो भारत'चा वणवा पेटला असता, तिकडे त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ठेविले यिन-हुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. दोन देशांची गाठ एका बाळाच्या नावात! पण बाप त्याला फार दिवस दिसला नाही. अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा देह पोखरला होता. झटका ओसरला की पुन्हा कामास लागत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, होपे प्रांतातील एका खेड्यात त्यांनी देह ठेवला. दुसरे पुस्तक अपुरे राहिले. बाळ तीन महिन्यांचे होते.

त्यांची समाधी आज शीच्याच्वांग येथील हुतात्मा-स्मशानभूमीत आहे. समोरच्या बाजूस बेथ्यून. पुत्र यिन-हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली वारला. माता कुओ चिंग-लान मात्र दीर्घायुषी झाल्या. १९६२ च्या युद्धाने दोन देशांत कटुता आली, सीमेवर आजही ताण पडतो. तथापि त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. जून २०१२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरात भय्या चौकातील कोटणीसांच्या घरी त्यांचे स्मारक उघडण्यात आले होते. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी या कथेवर काढलेला बोलपट जुन्या पिढीच्या स्मरणात असेल.

उलट दिशेचे यात्रेकरू

हा धर्म काही केवळ आपल्याच माणसांनी पाळला असे नाही. अमेरिकेतून आलेल्या पाद्री मंडळींची ठाणी अहमदनगर, मुंबई, सोलापूर येथे होती. धर्मांतराच्या त्यांच्या उद्दिष्टाविषयी आमचा मतभेद होता व आहे, तो लपविण्याचे कारण नाही. पण त्यांतील जस्टिन अ‍ॅबट या गृहस्थाची गोष्ट ऐका. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी महाराष्ट्रात घालविला, मराठी आत्मसात केली. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर, वृद्धापकाळी, त्यांनी एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम यांची चरित्रे आणि वाङ्मय इंग्रजीत आणण्यास वाहून घेतले. १९३२ साली देह ठेवीपर्यंत हे काम चालले होते. ताहराबादच्या महिपतीबुवांनी ओवीबद्ध केलेली संतचरित्रे सातासमुद्रापलीकडे नेली ती या वृद्ध पाद्र्याने! शिकवावयास आला होता, शिकून गेला. ज्याने परक्याची भाषा खरोखर आपली मानली, त्याच्या हृदयात त्या भाषेचे संत बिऱ्हाड केल्यावाचून राहत नाहीत.

आमचे स्वतःचे

शेवटी थोडे आमच्या घरचे. यंदा जर्मनीत स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांनी आम्हांस सहा महिन्यांसाठी निमंत्रण दिले आहे. त्यांच्या मुलांना स्तोत्रे, संस्कृताची बाराखडी आणि कीर्तनाची ओळख करून द्यावयाची. साठी उलटून गेलेली; विमानात पाऊल ठेविलेले नाही. निमंत्रण हाती येताच आम्ही काय केले असेल? कागद घेतला आणि अटींची यादी लिहिली. सोवळ्याचा स्वयंपाक, वेगळी भांडी, कांदा-लसूण वर्ज्य, स्नानास इतके पाणी, जेवणाची ही वेळ. अकरा कलमे झाली. यादी वाचावयास आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "मी तुमच्या घरी आले, तेव्हा मीही अशी यादी आणायला हवी होती की काय?"

यादी फाडली. स्नानसंध्या आमची आम्ही करू; त्यासाठी दुसऱ्याच्या घराची घडी विसकटण्याचे कारण नाही. मांसाशन करणार नाही, हा एकच नेम पुरेसा. बाकी यजमानीण जे वाढील ते प्रसाद. मुले मराठी अडखळत बोलतील, तर आम्हीही त्यांची चार वाक्ये अडखळत शिकू. गुरुजी अडखळतात हे पाहून मुलांचीही भीड चेपेल. हिवाळ्यात धोतरावर लोकरीची विजार चढवावी लागली, तर पांडुरंग तेवढ्यावरून ओळख विसरणार नाही. आणि प्रकृतीने साथ सोडली तर चोळकरांचे स्मरण करून, मान खाली न घालता परत येऊ.

आमचे जाणे ते केवढे? स्वकीयांच्या उबदार घरात सहा महिने. कोटणीसांच्या गुहेशी त्याची तुलना करणे हाही अहंकार ठरेल. पण आज देशोदेशी जाणारे आमच्या वयाचे आईबाप थोडे नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांच्या संगोपनाला ते जातात. बर्फाकडे पाहत खिडकीशी बसतात, दिवस मोजतात. त्यांना आमची एक विनवणी आहे. दिवस मोजू नका, शब्द मोजा. रोज शेजाऱ्याच्या भाषेतला एक शब्द शिका. तेथल्या दुकानात मिळणाऱ्या धान्यांत आपले राळे शोधा; कोठे ना कोठे ते सापडतेच. सेवेला तेथेही जागा आहे.

कौत्साची कथा आपण दरवर्षी ऐकतो. शमीवर सुवर्णाचा वर्षाव झाला, कौत्साने गुरुदक्षिणेपुरते घेतले, उरलेले लोकांनी लुटून नेले. ते सोने कुणी तिजोरीत ठेविले असते, तर आज आपल्या हाती आपट्याचे पान आले नसते. वाटले गेले म्हणून सण झाला.

आज सायंकाळी सीमोल्लंघन करून परतताना सोलापूरकरांनी भय्या चौकावरून जावे. त्या घराच्या दाराशी आपट्याचे एक पान ठेवावे. बरोबर नातवंडे असतील, तर त्यांना सांगावे की या घरातला एक मुलगा वेस ओलांडून गेला आणि परक्या लेकरांची काळी आई झाला. मग घरी जावे, ओवाळून घ्यावे आणि घरच्यांना सोने द्यावे.